सुटलं की सोडलं

आमच्या वकिलांचे मुनशी कुठलाही कागद मनात वाचत नाहीत. एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात. तारखेला मी उमरखेडहून यवतमाळला गेले की मला लाज वाटायची, कारण माझं सगळं प्रकरण कोर्टातल्या बाकावरचे लोक ऐकायचे.

मी वसतिगृहात स्वयंपाक करायची. संस्थेनं मला एका दिवसात काढलं, म्हणून दावा केला होता. मागच्या तारखेला दावा वाचता वाचता मुनशी थांबले.

"अर्जदाराने काम सोडले. काहून माय, तू सोताहून सोडलं?"

"नाही जी. मी वकीलसाहेबांना सांगितलं होतं, काम सुटलं."

"सुटलं अन् सोडलं एकच हाये का? समोरचा वकील एवढ्यावरच तुले घरी पाठवते. बोलत जाय ना माय. तुह्या मनातलं मले कसं वाचता येईन?"

त्यांनी तिथंच दुरुस्तीचा अर्ज लिहून वकिलांपुढे ठेवला. काल कोर्टानं तो मंजूर केला. मुनशींनी लाल शाईनं 'सोडले' खोडलं, वर 'सोडले नाही, संस्थेने काढून टाकले' असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"वाच."

माझी शाळा चौथीपर्यंतच. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. बाकावरचे लोक ऐकत होते. मी ऐकू दिलं.