फौजदार सिस्टरचा डूख

फौजदार सिस्टर कुणालाही माफ करत नसत. राणीसावरगावच्या बाजारात भाजी घेता घेता समोरून एखादी म्हातारी दिसली, की हातातली मेथीची जुडी तशीच खाली ठेवून त्या हाक मारायच्या, "काय मावशी, औंदा कुणाच्या नाकात तेल वतलं?" म्हातारी पदर सावरत दुसऱ्या ओळीत शिरायची. तिच्या नातवाच्या नाकात तेल घातल्याला तीन वर्षं झालेली असायची, नातू शेरडांमागं पळायला लागलेला असायचा, पण सिस्टरच्या मनातून ते तेल काही पुसलं जायचं नाही. डूख धरावा तर त्यांनी.

आमच्या गावच्या उपकेंद्रावर त्या नर्स होत्या. रोज गंगाखेडहून एसटीनं यायच्या, फाट्यावर उतरायच्या आणि लशींचा डबा खांद्याला अडकवून चालत गावात. उंची बेताची, चाल तरातरा, आवाज असा की दोन गल्ल्या आधीच कळायचं. घरात आल्या तरी बसायच्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहूनच उलटतपासणी सुरू. बाळंतीण कुठं आहे, दार का लावलंय, धूर कशाचा, ती वाटी कसली. चार प्रश्नांत घरातल्या आजीचा गुन्हा शाबीत. म्हणून गावानं त्यांना फौजदार केलं. त्यांना हे नाव ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तान्ह्या लेकराच्या नाकावर त्यांचं फार बारीक लक्ष. दर दुसऱ्या घरात कुणीतरी सांगायचं, आमचं लेकरू जन्मल्यापासून घुरघुरतंय, सर्दी जाईना. त्या आधी तो शब्दच खोडून काढायच्या. घुरघुरणारं प्रत्येक नाक सर्दीचं नसतं. "ज्वारीच्या दाण्याएवढी तर वाट हाय आत. जरा सूज आली, जरा शेंबूड वाळला, की वाजणारच. लेकरू पितंय, निजतंय, ताप न्हाई, मग नाकाच्या वाटंला जाऊ नका." लोकांना हे पटायचं नाही. नर्सबाईनं काहीतरी द्यावं, निदान बाटली तरी, असं वाटायचं. सिस्टर काही द्यायच्या नाहीत आणि वर खडसावायच्या, म्हणून त्यांच्यावर राग.

माझी गाठ पडली तेव्हा माझी पोरगी अकरा दिवसांची होती. आमचं घर शेरडा-मेंढरांचं. बाळंतपण दवाखान्यात झालं, पण घरी आल्यावर सासूबाईंनी मला बिनखिडकीच्या खोलीत घातलं. बाजेखाली शेगडी, तिच्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि धूप. दाराला गोणपाट. पोरीखाली नवीकोरी घोंगडी, कारण घोंगडी आमच्यात देवाची मानतात आणि लेकरू पहिल्यांदा तिच्यावरच निजवतात. घरच्याच मेंढरांची लोकर, अंगाला टोचणारी, झटकली की तुसं उडणारी. सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घालणारी बाई पोरीच्या नाकपुड्यांत कोमट तेल सोडायची आणि वर तोंडानं फुंकर मारायची. पोरगी मांजरासारखी घुरघुरत राहायची.

पाजायला घेतली की दोन घोट ओढायची, तोंड सोडायची आणि लालबुंद होऊन रडायची. परत घेतली की परत तेच. सासूबाईंनी याचा अर्थ लावला. मी पोटुशी असताना दही खाल्लं होतं, पाचव्या दिवशी केस धुतले होते, म्हणून माझं दूध थंड. ते पिऊनच पोरीला सर्दी. त्यांनी शेळीचं दूध कोमट करून चमच्यानं पाजायला घेतलं. आणि एका सकाळी शेजारच्या चार बाया बसलेल्या असताना म्हणाल्या, "लेकरालाच हिचं दूध नको हाय, मी काय करू?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून दे. का सोडू? माझी चोळी पान्ह्यानं भिजलेली होती आणि त्या चार बाया माना डोलावत होत्या. त्या चौघींची नावंही मला पाठ आहेत.

त्याच दुपारी सिस्टर आल्या. पोरीला मांडीवर घेऊन अंगावरचं कापड काढलं, बरगड्या आत ओढल्या जातात का ते पाहिलं, घड्याळ समोर धरून श्वास मोजले, ओठांचा रंग पाहिला. ताप नव्हता. मग पिशवीतून मिठाच्या पाण्याच्या थेंबांची कुपी काढली, मेडिकलवर मिळते ती. दोन्ही नाकपुड्यांत एकेक थेंब सोडला, थोडं थांबल्या आणि बाहेर आलेला तेलकट चिकटा मऊ कापडाच्या टोकानं टिपून घेतला. आत काही खुपसलं नाही. हेच पाणी घरी मीठ कालवून करायचं नाही, मीठ कमीजास्त होतं, असं बजावलं. आणि मला म्हणाल्या, घे आता.

पोरगी लागली ती सुटलीच नाही. तिच्या गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी हुंदके देऊन रडायला लागले. सिस्टर माझ्याकडं वळल्यासुद्धा नाहीत, त्या सासूबाईंकडं बघत होत्या.

"मावशी, तिला दूध नको नव्हतं. तिला दम घ्यायला वाट नव्हती. एवढुसं लेकरू नाकानंच दम घेतंय. तोंडात दूध अन् नाकात तेल, मग तिनं करावं काय? ते तेल छातीत उतरलं असतं तर मी आज दुसऱ्याच कामाला आले असते."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर फौजदार कसल्या? पुढचे दोन दिवस मला पोरीला घेऊन उपकेंद्रावर बोलावलं आणि नुसतं बाकावर बसवून ठेवलं. तिथं तासाभरात पोरीचं नाक आपोआप मोकळं व्हायचं, थेंबसुद्धा लागायचा नाही. घरी आलं की परत घुरघुर. दुसऱ्या दिवशी त्या उठल्याच. म्हणाल्या, इथं उघडतंय आणि घरी मिटतंय, म्हणजे रोग लेकरात नाही, खोलीत आहे. चल.

घरी आल्यावर त्यांनी मला पोरीसकट बाहेर ओट्यावर बसवलं आणि सासूबाईंना अगदी गोड आवाजात म्हणाल्या, मावशी, शेकानं लेकराला आराम पडतो म्हणता, तर चला, आपणही जरा शेक घेऊ. शेगडीत ओवा टाकायला सांगितला, गोणपाट ओढला आणि दोघी आत बसल्या. सासूबाईंचा स्वभाव असा की मरण पत्करतील पण आधी उठणार नाहीत. सिस्टरही तशाच. गोणपाटाच्या फटीतून धूर येत होता, आतून एकीचा ठसका, मग दुसरीचा. मी बाहेर लिंबाच्या वाऱ्यात पोरीला पाजत बसले होते. बाळंतपणानंतर घरच्या ओट्यावर मी पहिल्यांदाच बसले होते. खोटं कशाला बोलू, प्रत्येक ठसक्याला मला गुदगुल्या होत होत्या.

अखेर सासूबाई बाहेर आल्या. डोळे लाल, नाक गळतंय, तोंडाला पदर. मागून सिस्टर आल्या, त्यांची अवस्था तीच. नाक पुसत शांतपणे म्हणाल्या, "आता तुमच्या नाकात तेल घालू का, मावशी?" ओट्याखाली जमलेल्या बाया हसल्या. माना डोलावणाऱ्या त्या चौघींपैकी दोघी त्यांत होत्या.

त्या दिवसापासून शेगडी गेली, तेल गेलं. घोंगडी मात्र सिस्टरनी उचलताना आधी कपाळाला लावली. म्हणाल्या, देवाची आहे, मोठ्यांनी पांघरा, लेकराच्या नाकाखाली नको. तिच्या जागी माझ्या जुन्या लुगड्याची घडी आली. चार दिवसांत नाक शांत झालं. थोडं वाजायचं अधूनमधून, त्याला त्या म्हणाल्या वाजू दे.

पुढं महिन्या-दोन महिन्यांनी गावात एक लेकरू जन्मलं. ते गप झालं की निळं पडायचं आणि रडलं की गुलाबी व्हायचं. घरचे त्याला थापटून गप करत होते. सिस्टरनी ते हिसकावूनच घेतलं. रडू द्या म्हणाल्या, रडतंय तोवर तोंडानं दम घेतंय. नाकामागची वाट जन्मापासून बंद असली की असं होतं, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. मिळेल त्या जीपमध्ये बसून परभणीला निघाल्या आणि सगळ्या वाटेनं त्याच्या टाचेवर टिचक्या मारून त्याला रडवत नेलं. सोबतच्या आजीला वाटलं, ही बाई नव्हे, लावच आहे, लेकरांना छळणारी हडळ. मोठ्या दवाखान्यात त्याच्या नाकाची वाट उघडली. ते पोरगं आज आठवी-नववीत असेल.

सिस्टरचं स्वतःचं लेकरू असंच गेलं असणार, म्हणून एवढा राग, असं गावात बोलायचे. मी एकदा धीर करून विचारलं. त्यांना दोन मुलं होती, दोघंही धडधाकट. "राग यायला सोताचंच लेकरू जावं लागतं का गं?" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या लेकराला सुई टोचली.

सासूबाईंना चारचौघींतलं ते हसणं जिव्हारी लागलं होतं. त्यांचे भाऊ, आमचे मामा, तालुक्यापर्यंत ओळखी ठेवून होते. अर्ज तयार झाला. नर्सबाई घरात घुसून मोठ्या माणसांना धुरात कोंडतात, देवाची घोंगडी बाहेर फेकतात, तान्ह्या लेकरांना मारून रडवतात. टिचक्या मारून वाचवलेलं लेकरूही त्यांनी पुराव्याला धरलं. पण खालच्या सहीत वजन पाहिजे होतं. बाळंतिणीची सही असली की काम होतं, असं मामांना कुणीतरी सांगितलं होतं.

पोरगी पाच महिन्यांची होती. माझ्या दुधावर गुबगुबीत झालेली. सासूबाईंनी अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"सही कर. न्हाईतर माहेरचा रस्ता धर. पोरगी हितंच ऱ्हाईल, शेळीचं दूध हायच."

आमचे हे खाली बघत होते. पेन त्यांच्याच खिशातलं होतं. मी सही केली. वळणदार, पूर्ण नावानिशी. बारावीपर्यंत शिकल्याचा तेवढा उपयोग झाला.

सिस्टरची बदली पाथरीकडं झाली. शेवटच्या दिवशी मी लशीचं निमित्त काढून उपकेंद्रावर गेले. माफी मागायची म्हणून वाटेत शब्द जुळवले होते, पण तिथं नुसतं "सिस्टर, मला माफ करा" एवढंच तोंडातून आलं. त्यांनी पोरीला लस दिली, मांडी चोळली, कार्डावर नोंद केली. मग वर पाहिलं.

"मी कुणाला माफ करत न्हाई, तुला म्हाईत हाय. अर्ज दाखवला मला. अक्षर चांगलं हाय तुझं. गावात आशाताईची जागा निघायलीय, बारावी झालेली दुसरी कुणी न्हाई. त्या कामाला लाग. मी खाल्ल्या त्या शिव्या आता तू खा. हीच तुझी शिक्षा."

मी लागले. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही, सून सरकारी कामाला लागली याचं त्यांना कौतुकच. गेली बारा-तेरा वर्षं मी दारोदार शिव्या खाते आहे. शेगड्या विझवते, तेलाच्या वाट्या ओतून टाकते, गोणपाट खाली ओढते. कोणतं लेकरू कोणत्या घरात घुसमटलं हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलंय. बाजारात मीही हाक मारते.

आणि माझा सूड? तोही चालू आहे. आता सासूबाई पाहुण्यांत ऐटीत सांगतात, आमच्यात लेकराच्या नाकात तेल घालत नाहीत, धुरी देत नाहीत, छातीशी धरून आईचंच दूध पाजतात. जणू त्यांचाच शोध. मी स्वयंपाक सोडून बाहेर येते आणि सगळ्यांदेखत सांगते, हे फौजदार सिस्टरनी शिकवलं, ज्यांच्यावर या घरानं खोटा अर्ज केला. सासूबाईंचा चेहरा पडतो. मला दया येत नाही. मग मी पुढचंही सांगते, की अर्जावर सही माझी होती. ते सांगताना स्वतःलाही दया दाखवत नाही.

सिस्टरना भेटायला मी दोनदा पाथरीच्या गाडीत बसले आणि दोनदा अर्ध्या वाटेत उतरले. काय तोंड दाखवायचं? दोन वर्षांमागं मीटिंगमध्ये कळलं की त्या गेल्या. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. मीटिंगमध्ये लसीकरणाचं चाललं होतं, मी वहीत खाली मान घालून काहीबाही लिहीत राहिले.

परवा असंच झालं. घरी पाहुणे, सासूबाईंची ऐट, आणि माझं सगळं सांगून टाकणं. पोरगी आता नववीत आहे. ती दारात उभी राहून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, विचारेल, आई, तू सही का केलीस. त्याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं, इतक्या वर्षांचं घोटलेलं. तुझ्यासाठी केली, तुला सोडून जावं लागलं असतं म्हणून.

तिनं ते विचारलंच नाही.

"आई, गावात इतकी लेकरं त्यांनी वाचवली," ती म्हणाली, "मग त्यांच्या बाजूनं किती सह्या होत्या?"

मी तिला खरं तेच सांगितलं. एकही नव्हती.