मागून उघडून निवडलेली पुस्तकं

सौंसरच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी नागपूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. बेसिक नावाची भाषा थोडीफार शिकलो होतो, तीही बहुतेक फळ्यावरच. पण आमचे गणिताचे सर प्रिन्सिपॉल साहेबांना म्हणाले, "आपलाच पोरगा आहे, कॉम्प्युटरची पुस्तकं त्यालाच आणू द्या." बोरगावजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. बाबा संत्र्याच्या बागेत येईल त्याला सांगत, "पोरगा शाळेसाठी पुस्तकं निवडून राहिला."

दुकानात मी प्रत्येक पुस्तक मागून उघडलं. आम्ही तसंच पाहायचो. मागे सोडवलेले पेपर असले की पुस्तक चांगलं. एका पुस्तकात नुसत्या आज्ञा होत्या, एकाखाली एक, प्रत्येकीचा अर्थ आणि मशीन काय चूक दाखवतं त्याची कारणं. प्रश्न नाही, उत्तर नाही. हे कोण वाचणार, असं वाटून मी ते परत ठेवलं आणि सोडवलेल्या प्रश्नांची जाडजूड पुस्तकं घेतली.

शाळेत सरांनी त्यातलाच एक प्रोग्राम टाइप केला. मशीननं घेतला नाही. पडद्यावर चुकीची एक ओळ आली.

"हे काय म्हणून राहिलं, पाह्य बरं पुस्तकात," सर म्हणाले.

मी पानं उलटत राहिलो. उत्तरं ढीगभर होती, या ओळीबद्दल काहीच नव्हतं.

"दादा, आउट ऑफ कोर्स हाय का?" मागून एक पोरगा म्हणाला. सगळे हसले.

दाराशी उभे राहून पाहणाऱ्या प्रिन्सिपॉल साहेबांनी येऊन पुस्तक हातात घेतलं. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का पडला होता, आता दुकानदार बदलून देणार नव्हता. यंदाचे पैसे संपले होते, दुसरी पुस्तकंही येणार नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरांना म्हणाले, "तुम्हीच म्हटलं होतं ना, त्यालाच आणू द्या?"

सर हात मागे घेऊन, वर्गातल्या पोरासारखे उभे राहिले. शाळेत कधी त्यांना तसं उभं पाहिलं नव्हतं.

"साहेब, मीच निवडली," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. सरांनी मशीनवर कापड टाकलं.

बोरगावला उतरलो तर बाबा शेजारच्या काकांना घेऊन स्टँडवर उभे.

"चालला ना गा कॉम्प्युटर?"

"नाही चालला, बाबा."

बाबा काकांकडे वळून म्हणाले, "लाइटची लाइन गेली असंन."