अक्षरावर पाय

बुरहानपुरच्या स्टेशनवर गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती, म्हणून आईनं बाकावर वर्तमानपत्र पसरून डबा उघडला. निघायच्या घाईत घरी कुणी धड जेवलं नव्हतं. मी बॅग सरकवायला उठले तेव्हा वाऱ्यानं पेपरचं एक पान खाली आलं आणि माझा बूट त्याला लागला. माझा हात आपोआप त्या पानाला आणि तिथून कपाळाला गेला. अप्पा समोर उभे होते. सकाळपासून त्यांनी पासपोर्ट आणि कुलूप यांशिवाय दुसरा विषय काढला नव्हता. ते पाहून मात्र म्हणाले, "एवढं तिकडं जाऊन भुलू नको. बाकी सगळं भुललं तरी चालते."

बुरहानपुरच्या इतवारा मोहल्ल्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे जे लांब जाऊन राहिलेत त्या सगळ्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, "तिकडं करमतं का?" दर वेळी मी "हो" म्हणून विषय बदलते. आज जरा सविस्तर सांगते, कारण करमतं हे खरं आहे आणि ते कसं करमायला लागलं ही गंमत मी कुणालाच नीट सांगितलेली नाही.

आमच्या घरात देवापेक्षा कागदाचा धाक जास्त होता. अप्पा बहादरपुरच्या प्राथमिक शाळेत गुरुजी. रोज लुनावर जायचे आणि बाहीला खडूची भुकटी घेऊन परत यायचे. पुस्तकाला पाय लागला की पाया पडायचं, वहीला लागला तरी, आणि भज्याच्या पुडीचा तेलकट कागद असला तरी त्यावर छापलेलं आहे म्हणून पडायचंच. मी एकदा कंटाळून कारण विचारलं, तेव्हा म्हणाले होते, "ज्याच्यावर आपलं पोट चालतं, त्याले पाय लागला तर पाया पडावं लागते." शेजारच्या पॉवरलूमवरचे काका सूत कधी ओलांडून जायचे नाहीत, त्यामुळे मला हे पटलं. पुढे मी ग्राफिक डिझायनर झाले आणि माझंही पोट अक्षरांवरच चालायला लागलं.

नोकरीसाठी जर्मनीत लाइपझिगला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी पंचाईत झाली. स्टुडिओत पोस्टरं जमिनीवर पसरून बघायची पद्धत. सगळे मोजे घालून त्यांच्या मधून आणि कधीकधी वरूनही फिरायचे. मी भिंतीच्या कडेकडेनं जायची. एका सहकाऱ्याला वाटलं की मला चक्कर येते, त्यानं खुर्ची आणून दिली. मी बसले. नव्या देशात माणूस पुष्कळ ठिकाणी असाच गैरसमजावर बसलेला असतो.

संध्याकाळी भाषेचा वर्ग असायचा. जर्मन भाषेत क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतं याचं इतरांना संकट वाटायचं, मला माहेरचं वाटायचं. पण वर्ग सुटल्यावर बोलायला माणूस नव्हतं. बुरहानपुरात गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत यायला अर्धा तास लागायचा, कारण प्रत्येक ओट्यावर कुणीतरी "कुठून येऊ राहिली व?" म्हणून थांबवायचं. तेव्हा मी वैतागायची. इथे कुणी थांबवेना आणि मी हळूहळू चालून बघायची.

अशीच चालता चालता मालधक्क्यामागच्या मैदानावर पोचले. जुनं डांबरी मैदान, दोन टोकांना बास्केटबॉलच्या कड्या, चारी बाजूंच्या भिंतींवर स्प्रेनं काढलेली अक्षरं, आणि शेजारी माल उचलायचं एक गंजकं यंत्र. त्या यंत्राला जर्मनमध्ये 'क्रान' म्हणतात आणि तिथे खेळणाऱ्या बायकांच्या संघाचं नावही तेच. मी उभी राहून भिंती वाचत होते. अन्या नावाची त्यांची प्रशिक्षक, उंच आणि आवाजानं खणखणीत, माझ्याकडे आली आणि म्हणाली, नुसती उभी आहेस तर गुण तरी मोज. मी मोजले. पुढच्या शनिवारीही मोजले. मग त्यांच्या सामन्यांची पोस्टरं केली, मग जर्सी केल्या.

त्यांचा रीतसर 'फेराइन' आहे. फेराइन म्हणजे क्लब, पण नुसता क्लब म्हटलं तर त्यातली गंमत जाते. आपलं गणेश मंडळ आणि बायकांची भिशी एकत्र करून त्यावर सरकारी कचेरी बसवली तर जे होईल ते. अध्यक्ष, खजिनदार, बैठकीचं इतिवृत्त, हात वर करून मतदान. भिंतींवर परवानगीशिवाय अक्षरं काढणारा तारेकसुद्धा बैठकीत बोलण्याआधी हात वर करतो. त्याचे वडील लेबनॉनहून आलेले, हा इथेच जन्मला. दिवसा इमारती रंगवतो आणि रविवारी त्याच इमारतींना शोभणार नाही असं काहीतरी भिंतींवर काढतो.

नगरपालिकेनं मैदान रंगवायची परवानगी दिली आणि रेखाटनाचं काम मला मिळालं. एवढं मोठं काम मी कधी केलं नव्हतं. मी महिनाभर जीव ओतला. केळीच्या पानांसारखे लांब फाटलेले हिरवे पट्टे, मध्ये ताप्तीच्या गढूळ पाण्याचा रंग. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग अन्यानं विचारलं, "नाव कुठे आहे?"

नाव नव्हतं. मी मुद्दामच घातलं नव्हतं. मधल्या वर्तुळात K, R, A, N ही चार ठसठशीत रोमन अक्षरं हवीत हे मलाही कळत होतं, पण त्यांच्यावर दिवसभर बूट आपटणार हे डोळ्यांसमोर आलं की हात पुढे जात नव्हता. हे सांगायचं कसं? मी मोकळ्या जागेचं सौंदर्य, दृष्टीला विसावा, असं बरंच काही बोलले. कॉलेजात शिकवलेलं सगळं बाहेर काढलं. अन्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुंदर आहे, मनीषा. पण नाव नसेल तर हे कुणाचंही मैदान आहे." पुढच्या बैठकीपर्यंत मी नाव घातलं नाही तर काम तारेककडे जाईल असं ठरलं. इतिवृत्तातही लिहिलं गेलं.

मी घरी येऊन रडले. मैदान हातचं गेलं असतं तर नोकरी काही गेली नसती. पण त्या लोकांत मी परत गुण मोजणारी पाहुणी झाले असते. आणि नाव घातलं असतं तर अप्पांनी सांगितलेली ती एकच गोष्ट गेली असती. बाकी सगळं मी आधीच भुलले होते. एकादशी, तिळगूळ, चुलत्यांचे वाढदिवस, सगळं.

रविवारी दुपारी फोन लावला तर आई लगेच म्हणाली, "काय झालं व, आवाज असा कसा येऊ राहिला?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मले नाही समजत, तुझ्या बापालेच विचार," आणि फोन अप्पांकडे दिला. मी परत पहिल्यापासून सांगितलं. अप्पा ऐकून घेऊन हसले. मला अपेक्षित होतं त्यात हसणं नव्हतं.

"मने, बहादरपुरले मी पोरांले अ कसा शिकवायचो, तुले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी इतवाऱ्याजवळच्या मुलींच्या शाळेत जायची, अप्पांची शाळा कधी भरलेली पाहिलीच नव्हती.

"पहिलीतली पोरं. दिवसभर केळीच्या बागेत पळणारी. दोन मिनिट एका जागी बसत नाही, खडू हाती धरत नाही. मग मी पटांगणात चुन्याच्या फक्कीनं खाटेएवढा अ काढायचो आन् एकेकाले त्याच्यावरून चालवायचो. पहिले पायानं, मग हातानं. सगळे शिकले."

"अक्षरावर पाय देऊन?"

"चपला बाहेर काढून. ध्यान देऊन, एकेक पाऊल. बेध्यान पाय लागते, त्याची माफी असते. ध्यान देऊन ठेवलेल्या पायाची कशाची माफी?"

मला आधी रागच आला. लहानपणापासून मी भज्यांच्या कागदांच्या पाया पडत आले आणि हा माणूस पटांगणात अक्षरांवरून पोरं चालवत होता. "मग मला कधी सांगितलं का नाही?" असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. अप्पा म्हणाले, "तू घरीच पाटीवर शिकली. तुले चालवायची गरजच नाही पडली." मग त्यांनी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.

पुढच्या बैठकीत मी हात वर केला आणि मोडक्या जर्मनमध्ये खरं ते सांगितलं. पेपर, बूट, कपाळ, फक्कीचा अ, सगळं. मग तारेक म्हणाला की त्याची आजी रस्त्यात पडलेला पावाचा तुकडा उचलून ओठांना लावायची आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून भिंतीवर ठेवायची. त्याला लहानपणी तिची लाज वाटायची. माझा प्रस्ताव साधा होता. अक्षरं पायवाटेसारखी रुंद काढायची आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीनं बूट काढून नावावरून एकदा चालायचं. त्यानंतर खुशाल खेळा. अन्यानं एकच प्रश्न विचारला, "बूट कुठे ठेवायचे?" त्यावर चर्चा झाली आणि मग सगळे हात वर गेले. माझा जीव भांड्यात पडला.

रंगकाम मी आणि तारेकनं मिळून केलं. पट्टे माझे, अक्षरांची वळणं त्याची. पहिल्या दिवशी एप्रिलची थंडी होती. सगळ्या जणी अनवाणी उभ्या राहून कुडकुडत होत्या, पण बूट मात्र एका रेषेत मांडलेले. मी पुढे झाले. रंग पायाला गार आणि खरखरीत लागत होता. शेवटच्या अक्षराच्या टोकाला पोचले तेव्हा वाटलं, या गावात आज पहिल्यांदा मी कडेकडेनं न जाता मधून चालले.

आता क्लबमध्ये नवी खेळाडू आली की तिला आधी चालवतात. ही पद्धत कुठून आली हे निम्म्या जणींना ठाऊकही नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. रूढी अशीच झाली पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात आई आणि अप्पा आले. आईनं आणलेला दराबा, आमची बुरहानपुरी मिठाई, क्लबमध्ये पहिल्या दहा मिनिटांत संपला. अप्पा मैदानाच्या कडेला उभे राहिले, मी घेऊन दिलेले पांढरे बूट काढले, मोजे त्यांत कोंबले, वाकून पहिल्या अक्षराला हात लावून कपाळाला लावला आणि चालायला लागले. सगळ्या खेळणाऱ्या जणी थांबून बघत होत्या. चारही अक्षरं झाल्यावर मला म्हणाले, "बराबर आहे. पर आपलं एकबी नाही यात."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून खडू काढला. बुरहानपुरहून येताना हा माणूस खडू घेऊन आला होता. मैदानाबाहेरच्या मोकळ्या डांबरावर, गुडघे दुखत असतानाही वाकून, त्यांनी खाटेएवढा अ काढला आणि अन्याला हातानं बोलावलं. ती बूट काढून आली. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून अप्पा तिच्याशी हिंदीत बोलले. "इधर से शुरू. अब मुड़ो. हाँ, धीरे." ती उंचपुरी बाई खालमानेनं एकेक पाऊल टाकत अ चालली. शेवटच्या उभ्या रेघेवरून ती उलटी, खालून वर गेली, तेव्हा अप्पांनी तिला परत वरून चालायला लावलं. आईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

ते परत गेले त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि अ धुऊन गेला. अप्पांनी उरलेले खडू माझ्याकडे ठेवले आहेत. आता पाऊस येऊन गेला की शनिवारी मी थोडी लवकर जाते, जागा कोरडी झालेली बघते आणि तो परत काढते. तुम्ही विचारता, "घरी कधी येतेस?" डिसेंबरात येते, तिकीट काढलं आहे. पण अ काढून झाला की खेळ सुरू व्हायच्या आधी मी बूट काढून त्याच्यावरून एकदा चालते, आणि त्या वेळी मी घरीच असते.