चाकावरचा मारुती

मालिनीताईंना किळस फार यायची, आणि ती त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. पंगतीत शेजारच्यानं मठ्ठा भुरकला की त्यांच्या पोटात ढवळायचं. बसच्या खिडकीतून कुणी थुंकलं की त्या पुढच्याच थांब्यावर उतरून रिक्षा करायच्या. विमा कंपनीतली सगळी नोकरी त्यांनी स्वतःचा पेला आणि स्वतःचा साबण पर्समध्ये ठेवून काढली. आणि नशीब बघा, पडल्या कुणाच्या पदरात, तर रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं चालवणाऱ्या यज्ञेश्वरांच्या. पिंडाचा भात, पाण्यावर तरंगणारं निर्माल्य, ओल्या धोतरांचा वास. लग्नानंतर सासूबाईंनी त्यांना एकदा कुंडावर नेलं, तेव्हा नाकाला पदर लावून ज्या परत आल्या त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. पुढे नोकरीचं निमित्त करून त्यांनी बिऱ्हाड जेल रोडला हलवलं. यज्ञेश्वर पहाटे स्कूटरवरून पंचवटीला जायचे, आणि दुपारी आले की आधी न्हाणीघरात आणि मगच घरात. हा नियम मोडायची त्यांची कधी छाती झाली नाही.

अशी ही बाई निवृत्त झाल्यावर काळ्याकुट्ट इंजिनात हात घालायला लागली, याचं सगळ्या सोसायटीला नवल वाटलं. नाशिक रोडला रेल्वेच्या जुन्या सामानाचं एक छोटं संग्रहालय आहे. सिग्नलचे खटके, हातकंदील, तिकिटं छापायचं यंत्र असं काहीबाही, आणि मागच्या अंगणात कुंपणाच्या भिंतीला लागून नॅरोगेजचं एक इंजिन. चालवणारं एक मंडळ, आणि राबणारे सगळे रविवारचे स्वयंसेवक. मालिनीताई एकदा सहज बघायला म्हणून गेल्या आणि तिथल्याच होऊन बसल्या. लोखंडाची घाण त्यांना घाण वाटलीच नाही. गंज घासला की जातो, ग्रीस डिझेलनं निघतं, आणि लोखंड भुरकत नाही, खाकरत नाही, ढेकर देत नाही. इंजिनाची चाकं पार जाम झालेली. त्यांनी आणि आणखी चार जणांनी तारेच्या ब्रशनं, चिंध्यांनी, कधी नखांनी ती घासून काढली. येत्या वारसा दिनाला इंजिनाला दोर बांधून सगळ्यांनी मिळून ते रुळावर ओढायचं, असं ठरलं होतं. मालिनीताईंना आयुष्यात फारशा हौशी नव्हत्या. ते चाक फिरलेलं बघायचं, एवढी एकच होती.

पण संग्रहालय चालवायचं तर कार्यक्रम हवेत, असं मंडळाचे अध्यक्ष महेशराव म्हणायचे. महेशराव गृहस्थ वाईट नव्हते, फक्त त्यांना गर्दी नसली की अन्न गोड लागत नसे. मग हळदीकुंकू झालं, रेल्वेच्या साहेबांच्या जुन्या सलून डब्यात लग्नाआधीची फोटोग्राफी झाली, कुठल्याशा भाऊंचा वाढदिवस झाला आणि केकचा गोळा इंजिनाच्या दिव्याला फासला गेला. प्रत्येक कार्यक्रमात शाल, नारळ, भाषण, आणि वारसा जपण्याची शपथ. शपथ घेऊन झाली की अर्धे वारसदार इंजिनाच्या मागे, भिंतीच्या बाजूला जायचे. तिथे आडोसा होता. सोमवारी मालिनीताई पाहायच्या तर घासून लख्ख केलेल्या चाकावर गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या आणि खाली रुळापर्यंत गेलेले ओघळ, ज्यांचा वास लांबूनच यायचा. त्यांना अक्षरशः उमासे येत. ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी लावली, तर लोक नेम धरून पाटीवरच थुंकले.

यावर नाशकात काय, सगळ्या मुलखात एकच औषध आहे आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मालिनीताईंनी मेन रोडवरून मारुतीचं चित्र असलेली एक टाइल आणली. भिंतीवर लावली असती तर लोकांनी देवाकडे पाठ करून चाकावर कार्यक्रम उरकला असता. म्हणून त्यांनी शहाणपणा केला आणि टाइल थेट चाकाच्या आऱ्यांनाच तारेनं बांधली. महिनाभर चाकाला डाग लागला नाही. त्यांनी हे मोठ्या फुशारकीनं नवऱ्याला सांगितलं. यज्ञेश्वर वरणभात कालवत होते. ते शांतपणे म्हणाले, “बसवायला देव सोपा असतो. उठवताना कळतं. आमचा धंदाच आहे तो.”

आधी एक उदबत्ती दिसली. मग जास्वंदीचं फूल. मग एका शनिवारी कुणीतरी चाकावर तेल ओतून गेलं, आणि पुढच्या शनिवारी तेल घेऊन आलेल्यांची रांग लागली. बायडाबाई नावाची सायखेड्याकडची फुलवाली फाटकाबाहेर रुईच्या माळा घेऊन बसू लागली. कुठल्याशा भक्तानं पत्र्याची शेड ठोकून दिली, दुसऱ्यानं घंटा टांगली. बघता बघता कथाही तयार झाली. एका बाईनं मालिनीताईंनाच बाजूला घेऊन सांगितलं की हे इंजिन भंगारात न्यायला क्रेन आली होती, तर क्रेनचा दोर तुटला पण इंजिन हललं नाही, आणि त्याच रात्री चाकातून मारुतीराया प्रगटले. टाइलच्या मागे दुकानाचा किमतीचा कागद चिकटलेला होता, तो मालिनीताईंना डोळ्यांपुढे दिसत होता. बोलणार तरी काय, कपाळ?

घाणीचं म्हणाल तर ती पहिल्यापेक्षा चौपट झाली. तेलात शेंदूर, शेंदरात धूळ, धुळीत केळ्याची सालं, त्यावर फुटलेल्या नारळाचं आंबलेलं पाणी आणि वर माशा. हा सगळा लगदा चाकाच्या आऱ्यांतून ओघळून आसापर्यंत गेला आणि तिथे वाळून घट्ट बसला. जे चाक मोकळं करायला वर्षं घालवली ते पुन्हा जाम. आधी निदान ब्रश घेऊन घासता येत होतं. आता ब्रश उचलला की दहा जण धावून येत, चपला काढा म्हणत, आणि मारुतीला बाईमाणसानं हात लावू नये हेही ऐकवत. ज्या हातांनी ती टाइल बांधली त्याच हातांना तिथे मज्जाव झाला. मालिनीताई कुंपणाशी उभ्या राहून बघत. थुंकणाऱ्यांची त्यांना किळस होती, पण या हात जोडणाऱ्यांची त्याहून जास्त येऊ लागली, कारण त्यातले निम्मे चेहरे तेच होते.

वारसा दिन जवळ आला तशी मंडळाची बैठक झाली. महेशरावांनी जाहीर केलं की यंदा इंजिन ओढायचं नाही. देवस्थान हलवून कोण पाप घेणार? त्याऐवजी भजन आणि महाप्रसाद. मालिनीताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ती टाइल मी बांधली आहे, घाण होत होती म्हणून. कसली घाण, असं कुणीतरी विचारलं. आता एवढ्या पुरुषांसमोर तो शब्द उच्चारायचा कसा? त्यांना नुसत्या विचारानंच कसंसं झालं, आणि त्या खाली बसल्या. महेशरावांनी मात्र हात जोडले. देव प्रगटायला कुणीतरी निमित्त लागतं, म्हणाले, ते भाग्य तुमचं. आणि वारसा दिनाला मालिनीताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या त्या रडतच. यज्ञेश्वरांनी त्यांना सासूबाई गेल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टाइलीवर कुणी प्राणप्रतिष्ठा केलेली नाही, शास्त्रानं ती नुसती टाइल आहे, पण लोकांना शास्त्राशी काय देणंघेणं, असं ते म्हणाले. मग मालिनीताईंनी विचारलं, “तुम्ही येऊन उत्तरपूजा कराल का?”

गणपती उठवताना करतात तीच ती पूजा. अक्षता पडल्या की देव जागा सोडतो, हे घरोघरी माहीत असतं. यज्ञेश्वरांना पंचवटीत तोंड दाखवायचं होतं, यजमान सांभाळायचे होते. देव उठवणारा गुरुजी असं नाव पडलं असतं तर उद्या कुंडावर कुणी उभं केलं नसतं. शेवटी ते म्हणाले, “करतो. पण ज्या हातानं देव बसला, त्याच हातानं उठतो. लगदा तुला हातानं काढावा लागेल. आणि तो तिथे का बसवला, ते सगळ्यांसमोर तुलाच सांगावं लागेल. मी सांगितलं तर ते माझं भांडण होईल.”

वारसा दिनाला अंगण गच्च भरलं होतं. एका बाजूला महाप्रसादाची भाजी उकळत होती, दुसऱ्या बाजूला ध्वनिक्षेपक कोकलत होता. मालिनीताईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे झाला. शालीला कुणाच्या तरी कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत यज्ञेश्वर सोवळं नेसून, पळी-पंचपात्र मांडीवर घेऊन बसले होते. रामकुंडावरचे गुरुजी आले म्हणून लोकांनी त्यांना मान देऊन पुढे बसवलं होतं.

“या चाकावर लोक थुंकत होते,” मालिनीताई म्हणाल्या. “मागे उभे राहून लघवी करत होते. मी पुसून पुसून थकले, म्हणून ही टाइल बांधली. क्रेन आली नव्हती, दोर तुटला नव्हता. मुतारी होऊ नये म्हणून मी देवाला इथे राखणीला उभं केलं. चुकलं माझं.”

मागे भाजी ढवळणाऱ्याचा झारा थांबला. कुणी कुणाकडे पाहिना. आडोशाला कोण कोण जाऊन आलं होतं हे ज्याचं त्याला ठाऊक होतं, आणि त्याच जागी आपण नाक घासलं हेही आता ठाऊक झालं. एका म्हातारबांनी कपाळ हळूच पंच्यानं पुसलं. महेशरावांनी माइककडे हात केला, पण तोवर यज्ञेश्वर उठले होते. अशा जागी देव ठेवणं बरं नाही, त्याला आधी इथून उठवून स्वच्छ जागी नेऊ, एवढंच ते म्हणाले, आणि रामकुंडावरच्या माणसाला नाही म्हणण्याची कुणाची टाप नव्हती.

पूजा झाली. अक्षता पडल्या. मग मालिनीताई चाकापाशी बसल्या आणि त्यांनी बोटं त्या लगद्यात घातली. तो गार होता, बुळबुळीत होता, आत केस होते, मेलेले मुंगळे होते. नखांत शेंदूर गेला. पोटातून एक उमासा गळ्यापर्यंत आला, तो त्यांनी गिळला आणि तार उलगडली. टाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या चालू लागल्या तेव्हा फाटकाशी बायडाबाई वाट अडवून उभी होती.

“ताई, देव चालला तर म्या कुठं बसू? माझं लय चांगलं चाललं हाय इथं,” ती म्हणाली.

मालिनीताईंनी फाटकातला कोनाडा दाखवला. देव तिथेच राहणार होता, तिच्या फुलांच्या पाटीच्या शेजारी. बायडाबाईनं कोनाडा पदरानं पुसून दिला आणि पहिली माळ फुकट घातली.

मग दोर बांधला. महाप्रसादाला आलेल्यांतले बरेचसे हात दोराला लागले, कदाचित मघाची शरम जिरवायला. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला आत वाळलेला शेंदूर कडकड फुटला, चाक करकरलं आणि अर्धा फेरा फिरून थांबलं. यज्ञेश्वर सोवळ्यानिशी दोर धरून हसत होते. मालिनीताईंना हुंदका आला, आणि शेंदरानं माखलेल्या हातांनी डोळे कसे पुसावेत हे त्यांना समजेना.

पुढच्या सोमवारी त्या नेहमीप्रमाणे ब्रश घेऊन गेल्या. इंजिनामागे महेशराव फोनवर बोलत उभे होते. पुढच्या कार्यक्रमाला किती खुर्च्या लागतील ते सांगत होते. बोलता बोलता सवयीनं त्यांचा मोकळा हात छातीशी गेला आणि मान चाकाकडे लवली. मग चाकावर काही नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मान वर केली, गाल फुगवला आणि त्याच जागी लाल पिंक टाकली.

तेवढ्यात महेशरावांनी मालिनीताईंना पाहिलं. ते ओशाळले आणि फोन कानाला तसाच ठेवून निघायला लागले.

“थांबा,” मालिनीताई म्हणाल्या. त्यांनी नळावरून बादली भरून तांब्यासकट आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. “इथे आता देव नाही. धुवायला काही हरकत नाही.”

महेशरावांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. तिथून बायडाबाई बघत होती. त्यांनी फोन खिशात घातला आणि बाह्या वर केल्या. पिंक पहिल्या तांब्यातच वाहून गेली.