गेटवाल्याने न दिलेल्या शिव्या

माझी आत्या सिनेमांच्या आवाजाचं काम करते. सासूला, नवऱ्याला आणि सेन्सॉर मंडळाला ती सारखंच "बरं" म्हणते. फक्त मंडळाला म्हणताना दात करकरतात.

यंदाचा सिनेमा धरणाचा, खरी माणसं घेऊन केलेला माहितीपट. न सांगता दरवाजे उघडले, खालची वस्ती वाहून गेली आणि सरकारने खापर फोडलं ते दरवाजे चालवणाऱ्या गेटवाल्यावर. नोकरी गेली, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. सिनेमात तो पहिल्यांदाच म्हणाला, की हुकूम फोनवर आला होता, आणि देणाऱ्या साहेबांचं नाव घेतलं. ते लोकांनी ऐकावं, एवढीच त्याची आशा.

मंडळाचे अध्यक्ष नाकातून बोलतात. "मॅडम, शिनेमा उत्तम आहे हंऽ! फक्त साहेबांचं नाव, हुद्दा, खातं, तेवढ्यावर बीप मारा."

"मग उरलं काय?"

"भावना! भावना उरल्या की!"

"बरं." करकर.

पहिल्या खेळाला गेटवाला इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसोबत आला. पडद्यावर तो म्हणाला, "मला फोन केला त्या टूंऽऽ खात्याच्या टूंऽऽ टूंऽऽने!"

हॉल हशाने फुटला. मागून कोणी ओरडलं, "हाण काका! अजून एक हाण!" लोकांना वाटलं, माणूस शिव्या हासडतोय.

बाहेर बायको आत्याला म्हणाली, "ताई, यांनी घरात कुणाला गाढवसुद्धा म्हटलं नाही हो." गेटवाला खिशात रुमाल शोधत होता. रुमाल हातातच होता.

आत्याने घरी येऊन भांडी आपटली. मग बीप काढून तिथे नुसती शांतता ठेवली. नाव ऐकू येऊ नये, एवढाच तर हुकूम होता!

"मॅडम, शांतता आक्षेपार्ह आहे," अध्यक्ष म्हणाले. "शांततेत लोक विचार करतात. बीप परत लावा."

"लोक हसतात, साहेब. बदनामी होते."

"कुणाची?"

"गेटवाल्याची."

"त्यांची तक्रार आलेली नाही."

आत्याने गेटवाल्याला फोन लावला. "दादा, तुमचं बोलणंच काढून टाकू का? निदान हसणार तरी नाहीत."

"राहू द्या, ताई. काल दुकानदाराने विचारलं, 'एवढा कुणावर चिडला होतास रे?' इतक्या दिवसांत कुणी काही विचारलंच नव्हतं."

"मग? सांगितलंत?"

"सांगितलं की. नावानिशी."

आत्या बीप परत लावायला बसली. दात करकरत होतेच.