चपलांजवळची जागा

आमच्या अभ्यासिकेत अध्यक्षाची जागा दारात होती, चपलांजवळ. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक हॉल आहे, तिथं आम्ही पोरंपोरी संध्याकाळी अभ्यासाला बसायचो. रविवारी बैठक असायची आणि अध्यक्ष दर महिन्याला बदलायचा. ज्याची पाळी असेल त्यानं उंबऱ्याशी, सतरंजीच्या टोकावर बसायचं. कोणी उशिरा आलं की बोलणं कुठवर आलंय ते त्याला दोन वाक्यांत सांगायचं आणि मग आत सोडायचं. जो सगळ्यांत कमी बोलतो त्याला सगळ्यांत आधी बोलायला लावायचं. स्वतः शेवटी बोलायचं, तेही काही उरलं असेल तर.

हा नियम काकांचा. काका पोस्टातून निवृत्त झालेले, कोणाचे सख्खे नव्हेत पण वस्तीत सगळ्यांचेच. नवा पोरगा आला आणि ऐटीत समोर बसला की ते म्हणायचे, "पुढारी म्हणजे पुढं बसणारा नाही गा. मागं राहिला त्याले आत घेणारा." आम्ही हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो. पण थट्टा केली तरी माझा त्यावर विश्वास होता. माझी पाळी असली की मी घरूनच पाच मिनिटं आधी निघायची, दारात बसायला. आई म्हणायची, चपला राखायला इतकी घाई कशाची?

माझी मैत्रीण आणि मी शाळेपासून एका बाकावरच्या. ती बोलायला फटाकडी, मी जरा विचार करून बोलणारी. तिला इतिहास डोक्यात राहायचा नाही, मला गणित सुटायचं नाही, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना ओढत बीए काढलं. तिच्या घरी माझं ताट असायचं. तिच्या आईला मी मावशी म्हणायची ती नुसती म्हणायला नाही.

मग ते शिबिर आलं. कुठलीतरी संस्था होती, तरुणांमधून नेतृत्व घडवणारी. प्रत्येक अभ्यासिकेतून तिघांचा गट बोलावणार आणि प्रत्येक गटातून एकाला निवडून वर्षभर दिल्लीला शिकायला नेणार. मला जायचं होतं. हे मी तेव्हा कोणाला मोठ्यानं बोलले नाही, पण घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, पाहुणे येऊन पोहे खाऊन जात होते, आणि ते एक वर्ष मला हवं होतं. फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "तूच जाशील पाह्य."

आमच्या गटात तिसरी होती भिवापूरची एक मुलगी. मावशीकडे राहून शिकत होती. हुशार, पण बोलताना मध्येच थांबायची, शब्द शोधायची, आणि तेवढ्यात दुसरं कोणी बोललं की गप्प व्हायची. तिच्यासाठीच जणू काकांनी तो नियम केला होता.

आदल्या वर्षी जाऊन आलेल्यांनी आम्हाला सावध केलं होतं. शेवटी एकेकाला आत बोलावतात आणि विचारतात, तुमच्या गटातून एकाला काढायचं झालं तर कोणाला काढाल? ऐकून माझं डोकंच फिरलं. हॉलच्या पायरीवर आम्ही तिघी कच्चा चिवडा खात बसलो होतो. मैत्रीणच म्हणाली, "आपण तिघीबी एकच सांगू, कोणालेच नाही. अन् काम आपल्याच पद्धतीनं करू. निवडलं तं निवडलं, नाही तं गेले उडत." आम्ही हातावर हात ठेवले. चिवड्याचे तिखट हात होते, भिवापूरवालीनं तोच हात नंतर डोळ्याला लावला आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

शिबिर मनीषनगरच्या एका मोठ्या सभागृहात होतं, एसी वगैरे. आम्हाला काम दिलं ते असं: उन्हाळ्यात वस्तीत टँकर येतो, रांगेत भांडणं होतात, उपाय काढा. हे तर आमच्या घरचंच होतं. त्या महिन्यात पाळी माझी होती. मी सवयीनं खुर्ची दाराजवळ ओढून बसले आणि भिवापूरवालीला म्हटलं, तू सांग आधी. मागे संस्थेच्या दोन मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या.

तिनं सुरुवात केली. "आमच्या गल्लीत ना... टँकर आला की... म्हाताऱ्या बाया..." आणि थांबली. मी वाट पाहिली. आमच्याकडे वाट पाहतात. तेवढ्यात मैत्रीण उठली, फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि म्हणाली, "म्हाताऱ्या बायांसाठी वेगळी रांग. मुद्दा एक." तिच्या तोंडची भाषाही बदलली होती, अगदी पुस्तकातली. मग मुद्दा दोन, मुद्दा तीन. त्यातले निम्मे आमच्या रविवारच्या बैठकीतले होते, कोणी कोणी मांडलेले. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, घाबरली असेल, घाबरली की ती अशीच सुटते. मी तिच्यासाठी कारणं शोधत बसले, इतकी मी खुळी.

आत बोलावलं तेव्हा मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, कोणालाच नाही. मॅडम म्हणाल्या, एक नाव द्यावंच लागेल. मी म्हटलं, मग आम्हा तिघींना एकत्र बोलवा. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. भिवापूरवाली रडत बाहेर आली, पण तिनंही नाव दिलं नव्हतं. मैत्रीण सगळ्यांत शेवटी गेली आणि लवकर आली.

संध्याकाळी तिचं नाव जाहीर झालं. मी टाळ्या वाजवल्या, खऱ्या वाजवल्या. मग संस्थेच्या त्या दोघींतल्या एक मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू मन लहान करू नकोस हं. आत्मविश्वास वाढव. तुझ्या मैत्रिणीलाही तुझी काळजी वाटते. ती म्हणाली, तुला पुढे यायचा संकोच वाटतो, तू नेहमी दाराजवळच बसतेस. म्हणून तिनं तुझं नाव घेतलं."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्या मॅडमना काय माहीत दार म्हणजे काय. पण हिला माहीत होतं. ही स्वतः तिथं बसली होती.

बसस्टॉपवर मी तिला धरलं. "तू त्यायले असं काहून सांगितलं?"

"कोणाचं तरी नाव घ्याच लागत होतं ना."

"आम्ही नाही घेतलं."

"भिवापूरवालीचं घेतलं असतं तं ती मोडली असती. तू मजबूत आहे." मग म्हणाली, "तू मनात नको घेऊ वं. आपल्यातलीच एक गेली ना शेवटी?"

मजबूत म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सगळ्यांत जास्त काय लागलं तर तिनं कारण किती नीट निवडलं होतं ते. मला काय हवंय हे तिला एकटीलाच माहीत होतं, आणि कुठं मारलं की ते जाईल हेही तिलाच.

मी काकांकडे गेले. मला वाटलं, काका तरी पेटतील. नियम त्यांचा होता. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि त्यांच्यासमोर पलंगावर फ्लेक्सचा नमुना पसरलेला होता, त्यावर मैत्रिणीचा मोठा फोटो. "पोरी," ते म्हणाले, "आपल्या वस्तीतली पोरगी निवडल्या गेली, दिल्लीले चालली. आता हे उकरून काय भेटणार हाय?" मी विचारलं, "मग इतकी वर्षं आम्हाला दारात काहून बसवलं?" काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "रविवारी सत्कार हाय. पाळी तुझीच हाय, दारात बस." मी तिथून उठले तेव्हा त्यांचा मला तिच्यापेक्षा जास्त राग आला होता.

तरी मी बसले. पाळी माझी होती. हॉलमध्ये पहिल्यांदाच टेबल-खुर्च्या समोर मांडल्या होत्या, वर टेबलक्लॉथ. सत्कारमूर्तीच उशिरा आली. नव्या साडीत दारात थांबली, सँडल काढायला वाकली, आणि आमची नजर मिळाली. नियमानं मला सांगावं लागत होतं. मी म्हटलं, "काका सांगून राहिले की आपण इथं कोणाले मागं सोडत नाही. इथवर आलं हाय."

ती सँडल ढिगात ठेवून आत गेली.

तिनं भाषण सुंदर केलं. आमच्या दाराची गोष्ट सांगितली, सगळी, शब्द न चुकवता. "खरा नेता दारात बसतो," ती म्हणाली, "हे मला इथं शिकायला मिळालं." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ती बघा, आजसुद्धा तिथंच आहे." सगळा हॉल मागे वळला. टाळ्या वाजल्या. माझी आईसुद्धा टाळ्या वाजवत होती, कौतुकानं. भिवापूरवाली तेवढी खाली बघत होती.

मी उठले, ढिगातून माझी चप्पल काढली आणि बाहेर आले. पायरीवर वस्तीतल्या एक काकू धापा टाकत चढत होत्या, कुकर लावून आल्या असाव्यात. त्यांनी मला पाहून नेहमीसारखं विचारलं, "कुठवर आलं वं?"

"ती सांगून राहिली की दारात बसणारी सगळ्यांत मोठी असते."

"मंग तू काहून उठली?"

मी खाली वाकून चप्पल घालत राहिले, काकू आत जाईपर्यंत.