दानीएलमामाचा हौद

आमच्या दानीएलमामाला मासे पाळायचं वेड होतं, असं लोक अजून सांगतात. लोकांच्या जिभेला हाड नसतं. नुसतं वेडच असतं तर मामाने पोपट पाळला असता, पोपटाला पाणी कमी लागतं. मामाने मासे पाळले ते भाजीसाठी, आणि दोन्हीची उस्तवार केली ती साराच्या डोळ्यांसाठी. एवढं ध्यानात ठेवा, मग पुढचं सांगते.

मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. मिरजगावच्या पुढे, सीना नदीच्या अंगाला आमचं गाव. गावाखाली आमची ख्रिस्ती वस्ती, तिच्या टोकाला मामाचं घर आणि त्याला लागून माझं. उमेदीत मामा नगरला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. त्या बागेत एक हौद होता, डास होऊ नयेत म्हणून त्यात मासे सोडलेले. हौदातलं घाण पाणी उपसलं की मामा ते अळूला घालायचा. विहिरीच्या पाण्यावरचा अळू तळहाताएवढा व्हायचा, हौदाच्या पाण्यावरचा सुपाएवढा. मामा बोलायला कंजूष, पण एकदा पाहिलेलं कधी विसरायचा नाही.

सारा ही त्याची नात. आई, म्हणजे मामाची लेक, बाळंतपणात गेली, आणि बापाने सोलापूरला दुसरा संसार थाटून पोरीला म्हाताऱ्याच्या पदरात टाकलं. त्या बापाबद्दल मी जास्त बोलत नाही, तोंड विटाळतं. मामाची बायको आधीच गेली होती. त्यामुळे पोरीची वेणी घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं मामाच करी, आणि भाकरी माझ्यापेक्षा बरी करी.

मग तो दुष्काळ आला. पाऊस लागोपाठ हुकला, सीना पांढरी पडली. आम्ही बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. खायला मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. हिरवं म्हणून काही डोळ्यांना दिसत नव्हतं, मग पोटात कुठून जाणार? एका संध्याकाळी सारा उंबऱ्याला अडखळली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ताटात भाकरी समोर असून हाताने चाचपडायला लागली. मामाने तिला नगरला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईने पोरीच्या पापण्या उलटून पाहिल्या, औषधाची बाटली दिली आणि म्हणाली, "हे औषध थोडे दिवस पुरेल. खरं औषध म्हणजे रोज पालेभाजी, आणि मिळालं तर माशाचं काळीज. डोळा कोरडा पडत चाललाय, बाबा. त्यावर फूल पडलं तर मग माझ्याच्यानं काही होणार नाही."

रोज पालेभाजी! त्या साली हे म्हणजे रोज सोनं खायला घाला म्हटल्यासारखं होतं. मी तर तिथेच रडले. मामा रडला नाही. घरी आला आणि आतल्या खोलीत दगड रचायला लागला.

आतल्या खोलीत अशासाठी, की बाहेर ऊन पाणी पिऊन टाकी आणि उरलेलं शेळ्या खात. त्याने सीनेतले दगड आणि चुना घेऊन हौद बांधला. धाब्याला धूर जायला असतं तसं एक मोठं भोक छताला पाडलं आणि वर काच बसवली, म्हणजे खाली ऊन यावं. भिंतीला उतरत्या पायऱ्यांसारखे तेलाचे डबे टांगले, त्यांत बारीक खडी भरली आणि खडीत तांदळी, शेपू, चाकवत लावला. गावतळ्याच्या तळाशी उरलेलं पाणी कावडीने आणून हौदात भरलं. ओळखीच्या भोयाने चिलापी माशाची पिलं आणून दिली. मामा हौदाच्या तळचं पाणी टमरेलाने काढून वरच्या डब्यात ओतायचा. ते खडीतून झिरपत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उतरायचं आणि निवळ होऊन पुन्हा हौदात पडायचं. माशांची घाण भाजी खायची, आणि भाजीने गाळलेलं पाणी मासे प्यायचे. नव्याने पाणी घालायचं ते उडून जाई तेवढंच. माशांना खायला वाळवी. दुष्काळात सगळं मेलं तरी वाळवीला मरण नव्हतं, ती खुरप्याने काढून आणायची.

वस्ती हसली. "लोकांना प्यायला न्हाई आन् ह्यो माशे पोसतोय," म्हणत. मग शेपू टरारून वर आला आणि हसणारी तोंडं बंद झाली.

सारा रोज हिरवं खायला लागली. मोठा झालेला एखादा मासा मामा काढायचा आणि त्याचं काळीज तिला भाकरीत घालून द्यायचा. रोज दिवा लावायच्या आधी तिला हौदाशी उभं करून विचारायचा, "मासा दिसतो का गं?" आधी ती मान हलवून नाही म्हणायची. पुढे एका संध्याकाळी म्हणाली, "त्यो बघा, आजोबा, कडंला हाय." मामा हौदाच्या कठड्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही.

आता पाण्याचं ऐका. गावाच्या विहिरीत सरकारी टँकर रिकामा व्हायचा. हगवणीची साथ आली तेव्हा त्या पाण्यात औषधाची पांढरी पावडर टाकायला लागले. ते पाणी नाकाशी नेलं तरी झोंबायचं. मामा ते तसं हौदात कधी घालत नसे. परातीत पसरून अंगणात ठेवायचा आणि वास उडाला की मगच थोडं थोडं आत घालायचा. त्या औषधाने विहिरीतले बेडूक उलटे झालेले त्याने पाहिले होते. हे त्याने मला सांगितलं, बाकी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आणि ते पाणी आम्हाला मिळायचं कसं? टँकर सरकारी, विहीर सरकारी, पण पोहरा वरच्या आळीचा. आम्ही घागरी मांडून लांब बसायचं, कुणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. माझ्या आजाने धर्म बदलला, पण वरून पडणारी पाण्याची धार तेवढीच उंच राहिली.

त्या वरच्या आळीतल्या मालनबाई एक दिवस मामाच्या दाराशी आल्या. घरची जमीन मोठी, माणूस कडक. त्यांची सून बाळंत झालेली आणि अंगावर दूध नव्हतं. उभ्या राहिल्या त्याही अंगणाबाहेर. "दानीएल, जरा शेपू मिळंल का रं? लेकरू लई रडतंय." मामाने विळा घेतला आणि पातेलंभर शेपू कापून दिला. मी म्हटलं, साराचा वाटा गेला. तो म्हणाला, "ते बी लेकरूच हाय की."

आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वरच्या आळीत नाही आणि आमच्यातही नाही. चिमूटभर साखर, मूठभर दाणे, काहीतरी घालून द्यायचं. पण त्या साली मोठ्या घरातही कणग्या खालपर्यंत खरवडलेल्या. मालनबाईंनी विचार केला असेल, की ह्या दिवसांत दाण्यांपेक्षा मोठं काय? पाणी.

रविवारी आम्ही सगळे उपासनेला गेलो होतो. घरांना नुसत्या कड्या लावलेल्या. त्या सकाळी साथीला भिऊन विहिरीत पावडर पोत्याने ओतली होती. मालनबाई डोक्यावर हंडा आणि हातात मामाचं पातेलं भरून घेऊन वस्तीत आल्या, कडी काढून घरात शिरल्या आणि हौदात पाणी ओतलं. पुन्हा गेल्या, दुसरा हंडा आणला. उन्हाळ्याने हौद गुडघ्याखाली गेला होता, तो वर आला. अर्धा हंडा आम्हाला प्यायला म्हणून चुलीपाशी झाकून ठेवला.

आम्ही परतलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. घामाने भिजलेल्या आणि आनंदाने फुललेल्या. "भाऊ," त्या मामाला म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा. "तुमच्या शेपूनं सुनंला दूध आलं बगा. म्या तुमच्या माशास्नी पानी घातलं. हंडा राहू द्या, सवडीनं न्हेते."

मामाच्या नाकाला वास आला तसा मलाही आला. त्याने हात जोडले. म्हणाला, "लई उपकार झाले, वैनी." त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत तो दारातच उभा राहिला आणि मग आत धावला.

मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दुसऱ्या पाण्यात टाकावेत तर गावतळं कधीच आटलेलं, घरात दुसरं पाणी कुठलं? हंड्यात तेच, पातेल्यात तेच. मी घरोघर फिरले, सगळ्या घागरींत तेच. मामा दुपारपर्यंत हौदाचं पाणी हलवत राहिला, वास उडावा म्हणून परातीत ओतत राहिला. दुपारी सगळे पांढरी पोटं वर करून तरंगले. काळजं काढून त्याने साराला खाऊ घातली, उरलेले मासे वस्तीने खाल्ले. चुलींवर मासळीचा वास सुटला. कुणीतरी म्हणालं, आज दानीएलाकडं सण हाय वाटतं. मी त्याच्या अंगावर धावून गेले.

त्या औषधाने डब्यांतल्या खडीचाही गुण गेला. भाजी खालून पिवळी पडत चालली. हिरवी म्हणावी अशी तांदळीची एकच जुडी उरली. एका सकाळी बघते तर मामाने ती जुडी खुडली आणि मालनबाईंच्या हंड्यात घातली.

"मामा, ती साराची हाय!" मी ओरडले.

"हंडा परत द्यायचा हाय. रिकामा कसा देऊ?"

"त्यांच्याच पाण्यानं मेले समदे. जाऊन सांग त्यांना!"

मामा माझ्यावर कधी चिडला नव्हता, त्या दिवशी चिडला. "माझा बाप पान्यापायी हात पसरून मेला. आज त्या घरची बाई डोक्यावर पानी घिऊन माझ्या घरात आली. तिला सांगू, तुझ्या पान्यानं मेले? पुन्ना कोन यील?" हंडा खांद्यावर घेऊन तो वर गेला. मालनबाईंना सांगितलं, मासे उन्हाने गेले.

बाटलीतलं औषध संपलं होतं. मामा पुन्हा नगरला जायच्या तयारीत होता, तेवढ्यात साराला गोवर निघाला. ताप उतरला तेव्हा उजव्या डोळ्यावर फूल पडलेलं होतं. डाव्याने उजेड आणि सावली एवढंच कळायचं. नर्सबाईने ह्या वेळी पापण्या उलटून पाहिल्यासुद्धा नाहीत.

पुढच्या साली पाऊस झाला. नद्या वाहिल्या, बांधांवर तांदळी आपोआप उगवली, कुणी खाईना एवढी. मामाने हौद पाडला नाही आणि भरलाही नाही. मालनबाई एकदा नातवाला कडेवर घेऊन आल्या, सरळ आत येऊन बसल्या आणि आमच्या घागरीतलं पाणी प्यायल्या. गुटगुटीत पोर. साराच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग मला म्हणाल्या, "असा मानूस व्हनार न्हाई, बाई. मासं मेलं, घरात काय नव्हतं, तरी माझ्या हंड्यात तांदळी घातली. आमी समद्यांनी खाल्ली. लई गोड हुती."

माझ्या तोंडात शब्द आले होते. मामाने माझं मनगट धरलं.

"आजोबा," सारा कोपऱ्यातून म्हणाली, "माझी भाजी ह्यांना दिली व्हय?"

मामाने मनगट सोडलं. मालनबाई आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या कडेवरचं पोर हात पुढे करून साराची वेणी ओढत होतं.